बडीशेपेचा वास

माझ्या आईवर अन्याय झाला तो मी सातवीत असताना, रथसप्तमीच्या संध्याकाळी, मुलुंडच्या आमच्या सोसायटीतल्या हळदीकुंकवात. आज हॉटेलात जेवणानंतर बडीशेप आली आणि ती संध्याकाळ पुन्हा नाकात शिरली.

वाण घेऊन उठताना आईचा तोल गेला, तिळगूळ सांडला. शेजारच्या काकू कुजबुजल्या, "दुपारीच पिऊन आली वाटतं."

घरी येताच मी म्हटलं, "आई, तोंड उघड ना."

"कशाला गं?" म्हणत तिने उघडलं. नुसता बडीशेपेचा वास. तरी मला वाटलं, लपवायलाच खाल्ली असणार. तिला ते कळलं. त्या दिवसापासून तिने बडीशेप सोडली.

तिचा तोल जात होता तो मज्जासंस्थेच्या आजाराने; मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्याचं नाव तीन वर्षांनी कळलं. आता तिला मीच उचलून बसवते.

अन्याय करणाऱ्यांत मीही होते. तुमच्या जिन्यात उद्या कुणी अडखळलं, तर वास घेऊ नका. हात द्या, आणि डॉक्टरकडे न्या.