आधी तडा दाखवणाऱ्या अक्का

“आधी तडा बघून घ्या. रंग कुठं पळून जायलाय?”

अक्कांचा प्रत्येक व्हिडिओ असाच सुरू व्हायचा. दगड उजेडात धरायच्या, तड्याची रेघ नखानं दाखवायच्या आणि मगच देखणी बाजू कॅमेऱ्याकडं वळवायच्या. तुम्ही-आम्ही काही विकायला काढलं की नेमकं उलट करतो.

बिदरला, नौबादमध्ये आमची घरं समोरासमोर. दोघंही अंगठीत, लोलकात बसवायचे दगड ऑनलाइन विकायचो. फोटो माझे चांगले. पाणी मारून, मागं काळं कापड लावून मी असे काढायचो, की साधी गारगोटीही झळकावी. गिऱ्हाईक मात्र त्यांच्याकडं. माझा जळफळाट व्हायचा. त्यांचे व्हिडिओ मी थांबवून थांबवून बघायचो, कुठंतरी लपवाछपवी सापडावी म्हणून. कधी सापडली नाही.

एकदा कोहिनूर नावाच्या गावचा एक शेतकरी नांगराला लागलेला दगड घेऊन आला. नारळाएवढा, ओबडधोबड, मातकट. आधी माझ्याकडंच आला होता. मी हातातही घेतला नाही. तो रस्ता ओलांडून समोर गेला आणि अक्कांनी मागेल त्या भावात तो घेतला. कापायचं यंत्र गल्लीत माझ्याकडंच, त्यामुळं दुपारी तोच दगड पुन्हा माझ्या दारात आला. या वेळी अक्कांच्या कडेवर.

मी पाती फिरवली. दोन अर्धी वेगळी झाली आणि मी यंत्र बंद करायचंच विसरलो. दुधाळ अकीक, आत हिरवं शेवाळ तरंगत असल्यासारखं. मधून मात्र केसाएवढा तडा.

“तड्यात रेझिन भरा,” मी म्हणालो. “ओला करून बाजूनं फोटो काढा. कुणाला दिसायलंय?”

“मला दिसायलंय की, अण्णा.”

तिथंच उभं राहून त्यांनी शेतकऱ्याला फोन लावला. “दगड लई चांगला निघालाय. तुम्ही स्वस्तात दिलात. विकला की तुमचा वाटा न्यायला या.”

“कामून?” मी चिडलो. “सौदा झाला होता ना? आत माती निघाली असती तर?”

“तर माझं नशीब. पण आत काय हाय ते आता मला कळलंय, त्यास्नी न्हाई. मग गप कसं बसू?”

पुण्याच्या एका बाईंनी दगड घ्यायचं कबूल केलं होतं. व्हिडिओत तडा बघून त्या मागं सरल्या. त्या दिवशी मी चहात जास्तीची साखर घातली.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरच्या एका सोनारानं तो घेतला. फोनवर तो काय म्हणाला, हे अक्कांनीच मला हौसेनं सांगितलं. तडा कुठून कसा जातो ते नीट दिसलं, म्हणून घेतोय. बरोबर तिथंच कापून कानातल्यांची जोडी करणार.

शेतकरी वाटा न्यायला आला, तो तुरीची पिशवी घेऊन. सोबत गावातले दोघं, त्यांच्या डोक्यावर दगडांची पोती. तिघंही माझ्या दारावरून पलीकडं गेले. लबाड माणसाचा हेवा करणं सोपं असतं, नावं ठेवून मोकळं होता येतं. या बाईला काय नावं ठेवायची?

पुढं अक्कांचे हात थरथरायला लागले. लेकीनं त्यांना हैदराबादला नेलं. समोरच्या दाराला कुलूप लागलं आणि मला वाटलं, आता गिऱ्हाईक आपलं.

परवा अफजलपूरकडची एक म्हातारी बसा बदलत आली. भीमेकाठचे दगड फडक्यात बांधलेले. कुलूप बघून माझ्या पायरीशी थांबली.

“मावशी, मी देतो ना चांगला भाव,” मी म्हणालो. खरंच चांगला देणार होतो.

“व्हय लेकरा, देशील. पर अक्काला दाखवल्याबगर न्हाई. फोन लावतोस?”

लावला. व्हिडिओ चालू करून फोन तिच्या तोंडासमोर धरून उभा राहिलो. मला फोनची पाठ तेवढी दिसत होती. पलीकडून आवाज आला, “ऊट आयता?” जेवलीस का. म्हातारी हसली, पायरीवर मांडी घालून बसली आणि दोघी कानडीत बोलत राहिल्या. फडकं अजून सुटलं नव्हतं. माझा हात भरून आला होता, पण मी फोन खाली घेतला नाही.