पाटलाच्या चिठ्ठीशिवाय

लोणावळा-पुणे सर्व्हिस मोटर मी बारा वर्षं चालवली आणि माझ्या गाडीत एकही माणूस दगावला नाही. कुणी त्याला नशीब म्हणतं. खुशाल म्हणोत, मी त्याला ड्रायव्हरी म्हणतो.

अत्यवस्थ माणूस घ्यायचा तर 'गाडीत बसवताना जिवंत होता' अशी गावच्या पाटलाची चिठ्ठी आधी घ्यायची, हा आमच्या मालकांचा नियम. वाटेत बरंवाईट झालं तर पोलीस ड्रायव्हरला धरणार आणि लायसनही त्याचंच जाणार.

एका सकाळी औंढ्याच्या माणसांनी झोळीतून एक बाई आणली. पहिलटकरीण, दोन दिवसांची अडलेली. सोबत नवरा आणि सासू. चिठ्ठी नव्हती, कारण पाटील सोयरीक जमवायला परगावी गेले होते.

"भाऊ, आता आमी कुटं जावं?" सासू म्हणाली.

मी मागचं बाक रिकामं करायला लावलं. उतारू कुरकुरले, तेव्हा दुसऱ्या मोटरीची वाट पाहा म्हणून सांगितलं. सगळे पुढच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले.

वारं लागू नये म्हणून सासूनं सुनेच्या तोंडावरून पदर ओढला, आणि तिथंच घोटाळा झाला. नाक्यावरच्या शिपायानं गाडी अडवली.

"मढं नेतोस?"

"जिवंत आहे."

"चिठ्ठी दाखव. नाही? मग तिला बोलू दे." त्यानं पदर सरकवायला लावला. "बाई, नवऱ्याचं नाव काय?"

तिनं डोळे उघडले, पण ओठ घट्ट मिटून घेतले. नवऱ्याचं नाव घेण्यापेक्षा मेलेली ठरायला ती तयार होती! सासूलाही त्यात काही वावगं दिसेना. मला सगळ्यांचाच संताप आला.

"ही वाटेतच जाणार," शिपाई म्हणाला. "फौजदार येईस्तोवर गाडी हलायची नाही."

मी लायसन काढून त्याच्या हातात ठेवलं. "गेली तर हे परत मागणार नाही." मग तिला म्हणालो, "बाई, नाव नको घेऊस. तुझा माणूस कोणता, तेवढं दाखव."

तिनं बोट उचललं. "त्ये काय, रडत्यात त्ये."

शिपाई बाजूला झाला. मी पुण्यापर्यंत कुठंही थांबलो नाही. दवाखान्यात बाई वाचली, पोरगीही वाचली.

परतताना नाक्यावर मी शिपायाला तसं सांगितलं. त्यानं लायसन पुढं केलं. ते खिशात घालून मी गाडी सुरू केली, तर ती दोनदा बंद पडली. जाताना ती एकदाही बंद पडली नव्हती.