पहारेकऱ्यांना नवा भुसा

अ‍ॅनिमल हाउसमध्ये किस्से उंदरांसारखेच वाढतात. दोन ठेवले की महिन्याभरात वीस. मुलुंडच्या एका संस्थेत मी प्रयोगाच्या उंदरांची डॉक्टर. हसत सांगायचं ठरवते, पण डोकं तापतंच.

*

उंदरांचा एक विषाणू आहे. माणसाला तो काही करत नाही, मोठा उंदीरही खातो-पितो, पळतो. पण पिल्लं मरतात आणि प्रयोग खोटा ठरतो. आमच्याकडे सोनाली पीएचडी करते. चार वर्षं खपून तिने उंदरांचा एक वाण तयार केलाय. तो गेला तर सगळं गेलं. हे मी संचालकसाहेबांना तासभर समजावलं. साहेब काचेतून बघून म्हणाले, "झकास तर दिसतायत."

*

बाहेरून आलेले उंदीर महिनाभर वेगळे ठेवायचे, हा नियम. साहेबांच्या मित्राने उंदीर पाठवले, तर तिसऱ्याच दिवशी आत घ्यायचा हुकूम. मी अडले.

"अहो मॅडम, घरचेच उंदीर आहेत!"

घरचे! जणू गणपतीला आलेत.

*

एक बडे पाहुणे दुसऱ्या प्रयोगशाळेतले उंदीर बघून थेट आमच्याकडे आले. विषाणू अंगाकपड्यांवरूनही येतो, म्हणून अशा माणसाला आंघोळीशिवाय आत सोडत नाहीत. साहेब उखडले, पाहुण्यांना आंघोळ करायला सांगू का? मी म्हटलं, सांगा, टॉवेल मी देते. पाहुणे बुटांसकट आत गेले आणि मेमो मला मिळाला.

*

प्रत्येक खोलीत एक पिंजरा पहारेकऱ्यांचा असतो. बाकी सगळ्या पिंजऱ्यांतला घाण भुसा मुद्दाम त्यांना घालायचा. खोलीत विषाणू असला तर त्यांना लागतो आणि तपासणीत कळतो. आमचे पहारेकरी वर्षभर निरोगी होते. तरी सोनालीची पिल्लं मरायला लागली. तिचेच उंदीर तपासले, तर विषाणू!

मी पिंजरे साफ करणाऱ्या राऊतकाकांना विचारलं, पहारेकऱ्यांना भुसा कुठला घालता?

"नवो. सायबांनीच सांगल्यानी, ह्या पिंजऱ्याक वास येता, पाव्हणे बघतत, रोज नवो भुसो घाल."

खोलीतले सगळे उंदीर मारावे लागले. सोनालीने आपला शेवटचा पिंजरा स्वतः आणून माझ्या हातात दिला.

दुपारी साहेबांनी रिपोर्ट लिहायला बसवलं. मी सगळं लिहिलं, भुशासकट. त्यांनी वाचलं, भुशाची ओळ खोडली आणि म्हणाले, "पहारेकरी शेवटपर्यंत निरोगी होते, हे मात्र ठळक अक्षरांत टाका."