बटनांचा डबा

मालेगावात बसस्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. काहीही विचारलं, की हातातल्या सर्किटवर आधी फुंकर मारतात, मग बोलतात. शेजारच्या टेलरची बायको वारली, तेव्हापासून तो कुणाशी बोलेनासा झाला होता. एका सकाळी चाचांनी प्रकाश लागला की वाजणारा बझर बनवून त्याच्या बटनांच्या डब्यात लपवला. टेलरने झाकण उघडताच बझर किंचाळला आणि डबा त्याच्या हातून सांडला.

"अबे, मले मारता काय!" तो ओरडला. मग हसला, आणि हसता हसता ढसाढसा रडू लागला.

आम्ही आजूबाजूचे दुकानदार नुसते उभे राहिलो. चाचा मात्र त्याच्यापाशी जमिनीवर बसले.

"रड भाऊ, आरामसे रड," ते म्हणाले. "बटनं मी येचून राह्यलो."