ऑप्शनला टाकलेला धडा

'ऑप्शन' हा शब्द नुसता कानावर पडला तरी मला अजून मळमळतं. आमच्या सांगलीच्या कॉलेजात ऑप्शन म्हणजे निवडायची गोष्ट नव्हती, टाकायची होती. "तो धडा मी ऑप्शनला टाकलाय," असं पोरं परीक्षेआधी बिनधास्त सांगायची. म्हणजे तो उघडायचाच नाही, पेपरात सगळे प्रश्न थोडेच सोडवायचे असतात! बरं, पोरांचं जाऊ द्या, शिकवणारेही तेच म्हणायचे.

मी अर्थशास्त्राची. बी.ए. झाल्यावर दिल्लीतल्या एका चांगल्या संस्थेत एम.ए.ला जायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यासक्रम बघितला तर अर्ध्याहून जास्त गणित. तेही साधं नाही, रिअल ॲनालिसिस. मी तेव्हा मिरजेला मावशीकडे राहायचे. ती तिथं दवाखान्यात नर्स. विषयाचं नाव ऐकून ती म्हणाली, "म्हणजे रक्त-लघवीचं का गं?" मी पोट धरून हसले. तिला बिचारीला माहीत नव्हतं. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना तर माहीत होतं, तरी त्यांनी अक्कल पाजळलीच.

"आपल्या विषयाला गणित हवंय कशाला? मी अख्खी नोकरी त्याच्याशिवाय काढली," ते म्हणाले. हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं, त्याचीच मला शिसारी आली. "आता दुसऱ्या शाखेचा विषय घेता येतो ना? मग झटपट गणित घे. टक्केवारी, नफा-तोटा. स्पर्धा परीक्षेलाही उपयोगी, आणि लय स्कोरिंग."

स्कोरिंग! वांगी कोवळी आहेत का, हे बाजारात विचारावं तसं आमच्याकडे विषय स्कोरिंग आहे का, हे विचारतात. आत काय आहे, ते शिकून माणसाला काय कळणार, याच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. मी चिडून घरी फोन लावला. आमचं घर वडूजजवळ, आप्पा फौजेतून निवृत्त होऊन आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुला लागतंय न्हवं? मग घे की. आपला मोर्चा सोडायचा न्हाई." झालं, मी ॲनालिसिस घेतला.

गणिताचे सर आधी नाही नाही म्हणाले, मग "बसायचं तर बस" म्हणाले. बी.एस्सी.च्या पोरांच्या मागं मी जाऊन बसू लागले. खरं सांगते, सुरुवातीला मजा आली. सर फळ्यावर पायरी पायरीनं सिद्ध करत जायचे आणि एखादी गोष्ट खरी का असते, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. अर्थशास्त्रात तर नुसत्या व्याख्या लिहून घ्यायच्या. आता आपली दिल्ली पक्की, असं वाटायला लागलं.

मग कॉम्पॅक्ट सेटचा धडा आला. सरांनी पुस्तकाची पानं एकगठ्ठा उलटली. "हा ऑप्शनला."

मला नेमका तोच हवा होता. माणसाला परवडणाऱ्या गोष्टींतून त्याच्यासाठी सगळ्यात चांगली निवड खरोखरच असते का, हे सिद्ध करायला अर्थशास्त्रात तोच लागतो, आणि प्रवेश परीक्षेत त्याच्यावर हमखास विचारतात. मी स्टाफरूममध्ये गेले. सर भडंग खात बसले होते.

"पेपरात त्याच्याशिवाय भागतं ना? मग कशाला डोकं खातेस?"

मी पुन्हा गेले, परत गेले. शेवटी त्यांनी आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं आणि आवाज बारीक केला. "मला येत नाही गं तो. आमच्या सरांनीही तो ऑप्शनलाच टाकला होता."

एवढं बोलून त्यांनी भडंगाचा पुढचा बकाणा भरला. कुणी म्हणेल, निदान खरं तरी बोलला माणूस. बोलला हो! पण ना खंत, ना खेद. न येणारा धडा पोरांच्या गळ्यात ऑप्शन म्हणून मारत आलेला हा माणूस वर कुरुमकुरुम खात होता. मला त्या आवाजाचीही किळस आली. मी नमस्कारसुद्धा न करता बाहेर पडले.

मोबाइलवर व्हिडिओ बघून तो धडा शिकायची धडपड केली. एक सिद्धता कळावी तर तिच्यात दुसरी निघायची, आणि तीही आम्ही टाकलेली असायची. प्रवेश परीक्षा पुण्याला झाली. तिथं सगळे प्रश्न सोडवायचे होते. कॉम्पॅक्ट सेटच्या प्रश्नांसमोर मी पेन धरून नुसती बसून राहिले. यादी लागली, त्यात मी नव्हते.

त्याच आठवड्यात विद्यापीठाचा निकाल लागला. ॲनालिसिसमध्ये मी कॉलेजात पहिली! गेटवर भलामोठा फ्लेक्स लागला, 'गणितात दैदीप्यमान यश'. त्यावर माझ्यापेक्षा प्राचार्यांचाच फोटो मोठा. गणिताचे सर पेढा घेऊन आले. "बघ, सांगत नव्हतो? त्याच्यावाचून काही अडलं का?" मला तो पेढा थुंकून टाकावासा वाटला. गिळला.

आप्पा एसटीनं मुद्दाम फ्लेक्स बघायला आले. त्याच्यासमोर ताठ उभे राहिले, अक्षर न् अक्षर वाचलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मग दिल्लीला कवा निघायचं?"

"न्हाई झालं, आप्पा."

"अगं, एवढं मार्क पडून?"

"तिथं जे विचारलं, ते हितं शिकवलंच न्हाई."

त्यांनी एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मग हे मार्क कशाचं दिलं गं?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं.