दगा मिस्त्रीचे हप्ते

माणसाचं नाव दगा. आणि त्याला मी ॲडव्हान्स दिला. आता बोला!

आमच्याकडे हे नाव गल्लोगल्ली आहे, त्याचा अर्थ कुणी बघत नाही. पण पैसे हातावर ठेवताना तरी बघावा की नाही? घर बांधायला काढलं की विटा कमी पडतात, चुना कमी पडतो, मजूर कमी पडतात. एक किस्से तेवढे कमी पडत नाहीत. पापड लाटायला चार बायका जमल्या की शेजारची गोदाआक्का पहिल्या पापडालाच म्हणते, "काढ वं तुन्हा दगा!" आणि माझं लाटणं जोरात चालायला लागतं.

*

खोली काढायची ती मनूसाठी. मनू आमची थोरली, म्हसावदला दिलेली. पहिलटकरीण. ज्येष्ठात बाळंतपणाला येणार. आमचं घर म्हणजे पुढे पडवी, मागे चूल आणि मधे एक खोली. पडवीत शाळेची पोरं ह्यांच्याकडे पाढे घोकत बसलेली. बाळंतीण ठेवायची कुठे, बेएकेबेमध्ये? म्हणून परसात एक खोली, धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. आणि ती पोर यायच्या आत पुरी व्हायला हवी, एवढीच माझी अट.

दगा आला तेव्हा हे शाळेत होते. मी म्हटलं, "पैशाचं मास्तरांशी बोला."

तो ओट्यावर टेकला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "मास्तर शाळाना मालक. घरना मालक तुम्ही, बाई!"

झालं! चाळिशी उलटेपर्यंत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. ज्वारीच्या कणगीत लपवलेले पैसे मी स्वतः काढून दिले. वर चहा पाजला. पुढचे हप्तेही मीच ठरवले, बोटांवर मोजून, फार हुशारीनं. पाया भरला की एक. चौकट उभी राहिली की दुसरा. धाबं पडलं की तिसरा. राहिलेले, काम पुरं झाल्यावर.

"पक्कं?" मी विचारलं.

"पक्कं!" दगा म्हणाला. "शब्द तुम्हनाच, बाई."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

*

पाया भरला, पहिला हप्ता गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात जाऊन बघते तर चौकट उभी! नुसती चौकट. भिंत नाही, वीट नाही, काही नाही. मोकळ्या परसाच्या मधोमध एक दरवाजा, दोन वाशांचा टेकू दिलेला. त्याला हळदकुंकू लावलेलं, आंब्याचा डहाळा बांधलेला, खाली नारळ. आणि शेजारी दगा, हात पुढे करून.

"चौकट उभी शे, बाई."

"अरे, पण भिंती कुठायत?"

"भितीसनं कोठे ठरनं व्हतं?"

आमचे हे पडवीतून आले, चष्मा वर केला, म्हणाले, "अगं, चौकट आधीच बसवतात. मग भिंत चढवतात. रीतच आहे ती."

रीत! ठरवायच्या आधी सांगितली असती तर काय शाळा बुडाली असती?

दुसरा हप्ता द्यावा लागला. वर ह्यांचं सुरू झालं, पूजा झालीय, आता बाजूनं जायचं नाही, चौकटीतूनच जायचं. तीन आठवडे मी परसातल्या तुळशीला पाणी घालायला त्या दरवाजातून गेले आणि त्याच दरवाजातून परत आले. दोन्हीकडे आभाळ!

एकदा गोदाआक्का ताक मागायला आली. सगळं परस मोकळं, मी समोर दिसतेय. तरी चौकटीशी थांबली, कडी नाही म्हणून लाकडावर टकटक केलं आणि विचारलं, "मजार येऊ का वं?" आत येऊ का म्हणे!

ताक दिलं नाही मी तिला त्या दिवशी.

*

चौकट उभी करून दगा जो गेला तो लोणखेड्याच्या कुणाच्या विहिरीवर. मनूला सातवा लागल्याचा निरोप म्हसावदहून आला आणि माझं डोकं फिरलं. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही मास्तर ना? सगळ्या गावाच्या पोरांना उभं करता बाकावर. त्याला करा!"

हे दोन दिवस तयारी करत होते. दगा बाजारात सापडला, त्याला घरी घेऊन आले, समोर उभं केलं आणि अगदी पुस्तकातल्यासारखं बोलले, "दगाजी, आपल्या वागण्यानं आमच्या विश्वासाला तडा गेला आहे!"

दगा दचकला. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. थापी काढली.

"कोठे गया तडा? दखाडा, गुरुजी. आत्ते लिपी टाकसू!"

हे मला म्हणाले, "माणूस वाईट नाही गं."

*

भिंती चढल्या. म्हणजे चढायला लागल्या. कामावरच्या माणसाला दुपारची भाकरी घरधन्यानं द्यायची, ही आणखी एक रीत. तीही मला नंतर कळली. कामाला हात सावकाश, भाकरीला मात्र दगा वेळेवर.

एक दिवस मी ठरवलं, पैशाचं जमलं नाही, निदान जिभेचं तरी जमवू. ठेच्यात मिरच्या दुप्पट घातल्या. लसूण कमी, दाणे नाहीत, नुसत्या लवंगी मिरच्या. वाटताना माझ्याच डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शेजारी कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, मनूचंच काही बरंवाईट झालं.

दगानं पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मी दाराआड उभी. तांब्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. भाकरीनं ताट पुसून घेतलं, मिशी पुसली आणि आत हाक मारली,

"बाई! आज कोठे चव उनी! इतला दिन चव नही व्हती!"

*

धाब्याला आमच्याकडे लाकडी सऱ्या टाकतात, त्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या आणि त्यावर माती चोपतात. सऱ्या पडल्या, पऱ्हाट्या पसरल्या, माती निम्मी चोपून झाली, आणि दगा पुन्हा गायब. कोरीटला पाहुणे आलेत म्हणे. आणि इकडे मनू आलेली! महिनाभर आधीच. बैलगाडीतून उतरली, खोली बघितली आणि म्हणाली, "आई, ह्याला वरून झाकण नाही का?"

दुसऱ्या दिवशी गोदाआक्काची शेळी त्या निम्म्या धाब्यावर चढली. शेळीच ती, तिला रीत काय माहीत? पऱ्हाट्यांसकट, मातीसकट खाली आली! शेळीला काही झालं नाही. धाब्याला मात्र गाडी जाईल एवढं भगदाड.

आणि संध्याकाळी, महिनाभर निरोप पाठवून न आलेला दगा आपल्या पायांनी ओट्यावर हजर!

"बाई, धाबं पडनं असं आयकं."

"पडलं! या, बघा!"

"मंग तिसरा हप्ता?"

"तिसरा? तो कशाचा?"

"तुम्हीच सांगेल व्हतं ना," तो म्हणाला, "धाबं पडनं का पैसा."

आता खरं सांगते, मी त्याला एक पैसा दिला नाही. निम्मा हप्ता दिला. नाहीतर माती कोण चोपणार होतं? मनू आतल्या खोलीत पाय पसरून बसलेली, बाहेर पाढे चाललेले.

*

आणि मग ती सकाळ. दगा खरोखर धाब्यावर होता! माती चोपायचा धप्प धप्प आवाज येत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो आवाज गोड लागत होता. अजून चार हात जागा उघडी. दुपारपर्यंत झाकली गेली असती.

तेवढ्यात मनूच्या पोटात दुखायला लागलं.

ह्यांनी पडवीतल्या पोरांना सुट्टी दिली आणि स्वतः जाऊन सुईणीला घेऊन आले. भुरीमाय म्हणून म्हातारी, साऱ्या गल्लीची बाळंतपणं तिच्या हातची. मी मनूला धरून नव्या खोलीत नेलं. म्हातारीनं चौकटीशी थांबून वर बघितलं, उघड्या आभाळातून तिला मिस्त्री दिसला, आणि ती ओरडली, "दग्या! खाले उतर! बाईमाणूसनं काम शे आठे."

"हा, माय!" आणि दगा खाली. त्याची आई! मला कुणी सांगितलं नव्हतं! चार हात धाबं उघडं टाकून तो आज्ञाधारक लेकरासारखा शिडी उतरला आणि चालू लागला. मनू कण्हतेय, वर आभाळ, आणि मी एकटी धुण्यातलं जाड लुगडं त्या भगदाडाला बांधतेय.

भुरीमायनं हात धुतले, पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "पोरगं व्हयनं तर लुगडं, पोर व्हयनी तर चोळी, आन दोन पायल्या ज्वारी. लुगडं आत्तेच काढी ठेव, माय."

चिडले की माझी मास्तरांच्या घरातली मराठी सुटते. माहेरची बोली तोंडाला येते. तीन महिन्यांचा सगळा राग एकदम वर आला.

"अर्धा कामवर एक चिंधी देवाव नही!" मी ओरडले. "पहिले काम पुरं कर, मंग लुगडं!"

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. मनूचा हात आपल्या हातात घेतला.

"मन्हं काम अर्धं सोडता येत नही, माय," ती म्हणाली. "पानी तापाड."