सर्व्हर शंभरवर का आला?

ईरा आणि नील, आपल्या घराण्यात आजवर कुणी चालता कारखाना बंद पाडला नव्हता. तो मान गेल्या दसऱ्याला मला मिळाला.

तुमच्या आईनं तुम्हाला फोनवर जे सांगितलं ते अर्धवट आहे. तिला ते श्रीमामानं सांगितलं, आणि सांगताना तो सारखा हसत होता. म्हणून मी सगळं क्रमवार लिहून काढते आहे. (क्रम माझ्याकडून चुकत नाही. पिंपरीच्या कंपनीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. नट हरवला, तर तो कोणत्या खणातून हरवला हेही मला सांगता यायचं.)

श्रीमामाचा महाळुंग्याचा कारखाना तुम्ही पाहिला आहे. गाड्यांचे सुटे भाग कापताना ते घट्ट धरून ठेवायला जी पकड लागते, ती तिथे बनते. तिची सगळी ड्रॉइंग एका सर्व्हरमध्ये असतात. सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातला काळा डबा. तो लिनक्सवर चालतो, म्हणजे त्याला माऊसने गोंजारायचं नसतं. टाइप करून लेखी आदेश द्यायचे असतात. त्यामुळे तो मला पहिल्यापासून आवडतो. लेखी आदेश पाळणारं आमच्या घरात दुसरं कुणी नाही.

मी दर गुरुवारी श्रीच्या गाडीतून चिंचवडहून तिथे जाते आणि फायली लावते. खंडेनवमीला तर जातेच. त्या दिवशी सगळी यंत्रं बंद करून, पुसून, त्यांना झेंडूच्या माळा घालून पूजा करतात. मशिनींची बाजू दत्तोबांनी घेतली. दत्तोबा म्हणजे आमचे फोरमन, महाळुंग्याचेच. कारखाना उभा आहे ती जमीन एके काळी त्यांच्या चुलत्यांची होती. ऑफिसची बाजू मी घेतली. बंद केलेल्या सर्व्हरच्या पाठीमागची धूळ पाहून मला लाज वाटली. वायरी सोडवल्या, पुसल्या, यथासांग पूजा केली, वायरी जागच्या जागी खोचल्या आणि प्रत्येकीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी डकवली: ‘हात लावू नये’.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता एका मोठ्या कंपनीचे साहेब तपासणीला यायचे होते. त्यांचं काम मिळावं म्हणून श्री दोन वर्षं खेटे घालत होता. अट एकच: कोणत्याही मशिनीवर कोणतंही ड्रॉइंग मागितलं, की ते झटक्यात समोर आलं पाहिजे. नाही आलं तर काम दुसऱ्या कारखान्याकडे. म्हणून त्या दिवशी गुरुवार नसतानाही मी मदतीला गेले. (‘मदतीला’ हा शब्द माझा. श्रीचा शब्द वेगळा आहे.)

सकाळी दहालाच दत्तोबा आत आले.

“श्रीभाऊ, ड्रॉइंग येतंय, पर बैलगाडीतनं येतंय. म्या च्या पिऊन आलो तरी निम्मंच उघडलंय.”

श्रीचा चेहरा उतरला. त्यानं उज्ज्वलाला बोलावलं. उज्ज्वला मूळची लातूरची. आमच्या भागातल्या दहा-बारा कारखान्यांचे सर्व्हर ती एकटी सांभाळते आणि स्कूटीवरून फिरते. तिनं बसल्याबसल्या एक आदेश टाइप केला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

“हे बघा. हजारला चालायचं, तर शंभरलाच चालायलंय की हो हे.”

“शंभर म्हणजे उत्तमच की!” मी म्हणाले.

“आजी, हे परीक्षेचे मार्क न्हाईत. स्पीड हाय. दहावा हिस्सा झालाय.”

मग तिनं मला समजावलं. सर्व्हरची वायर समोरच्या स्विच नावाच्या डब्यात जाते, आणि तिथून सगळ्या मशिनींकडे. वायरीत आठ तारा असतात. आठही नीट जुळल्या, तर दोन्ही डबे आपसात बोलून हजारचा वेग ठरवतात. एखादी तार जुळली नाही, तर शंभरवर तडजोड करतात.

“म्हणजे लग्नाची बैठक,” मी म्हणाले. “चौघं तयार, दोघं फुगून बसलेले, मग साखरपुडा साधाच करायचा.”

“अगदी तसंच!”

आता फुगून बसलेलं कोण, हे शोधायचं होतं. ते काम मी आनंदानं अंगावर घेतलं. वही उघडून पानाच्या मधोमध रेघ मारली आणि डावीकडे ‘संशयित’ लिहिलं. पहिला उंदीर. दुसरे दत्तोबा.

“म्या काय केलं, काकू?”

“तुमची ट्रॉली रोज वायरीवरून जाते.”

“वायर वरनं गेलीय! पत्र्याखालनं! ट्रॉली काय उडती व्हय?”

मी दत्तोबांच्या नावावर काट मारली. (पेन्सिलीनं. माणसाला संधी ठेवावी.) उज्ज्वलानं वायर बदलली. शंभर. स्विचवरची जागा बदलली. शंभर. स्विचच बदलला. शंभर! आणि प्रत्येक वेळी जुनी वायर काढून नवी खोचली, की मी तिच्यावर नवी चिठ्ठी डकवत होते: ‘हात लावू नये’.

साडेबारा वाजले. माझा संयम संपला.

“उज्ज्वला, फार लाड झाले. लेखी आदेश दे त्याला. हजारवरच चालायचं म्हणावं, तडजोड नाही!”

“आजी, असं जबरदस्तीनं न्हाई करायचं...”

“आईचं ऐकून बघ एकदा,” श्री म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं. चाळीस वर्षांच्या सवयीचा परिणाम.

उज्ज्वलानं आदेश दिला आणि बैठक मोडली! शंभर नाही, हजार नाही, काहीच नाही. सगळ्या मशिनींपुढचे पडदे एकदम कोरे झाले. दत्तोबा दारात येऊन उभे राहिले.

“काकू, सकाळी निदान बैलगाडी व्हती. आता बैलबी गेलं!”

वीस मिनिटं कारखाना ठप्प! उज्ज्वलानं माझा आदेश मागे घेतला, तेव्हा कुठे शंभर परत आले. सकाळी ज्या शंभरला नावं ठेवली, त्यांचं आम्ही लेकुरवाळ्या सुनेसारखं स्वागत केलं.

तीन वाजले. श्री खिडकीत उभा राहून फाटकाकडे बघत होता. दहावीच्या निकालाच्या दिवशी तो असाच उभा होता. मला भरून आलं. आणि त्याच क्षणी माझ्या मनात शंका आली, की खंडेनवमीला माझ्या हातून पूजेत काही उणं तर राहिलं नाही ना? त्या दिवशी दत्तोबांनी नारळ फोडायला हाक मारली म्हणून मी घाई केली होती!

उज्ज्वला स्विचपाशी गेली होती. श्रीची पाठ होती. मी पर्समधून हळदीकुंकवाचा करंडा आणि अक्षतांची पुडी काढली. (दोन्ही पर्समध्ये कायम असतात. तुम्ही हसा.) सर्व्हरच्या पाठीमागे, वायर जिथे खोचतात तिथे, छान चौकोनी देवळी आहे. पूजा तिथेच करायची हे मी नवमीलाच ठरवलं होतं. समोरचा भाग काळा गुळगुळीत, तिथे कुंकू टिकत नाही. वायर हळूच काढली. देवळीत हळद, कुंकू, त्यावर चार अक्षता. या वेळी घाई नाही. नमस्कार केला. वायर परत खोचली.

पलीकडून उज्ज्वला किंचाळली.

“दहा!”

“काय दहा?”

“स्पीड! शंभरचे दहा झाले! कुणी काय केलं?”

“उंदीर,” मी म्हणाले.

ती धावत आली. सर्व्हरकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आजी, तुमचं बोट लाल कशामुळं हो?”

ईरा, नील, एकतीस वर्षं मी लोकांना पकडलं. पकडलं गेल्यावर चेहरा कसा करायचा, याचा मला अजिबात सराव नव्हता.

उज्ज्वलानं वायर काढली आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. आतल्या आठ बारीक सोनेरी तारांवर नवमीचं कुंकू सुकून बसलं होतं आणि त्यावर आजचं ताजं हळदकुंकू लेपलं होतं. दत्तोबांनी माप घ्यायच्या पेटीतला बारीक चिमटा दिला. तिनं चिमट्यानं एक तांदूळ काढला. मग दुसरा. मग तिसरा.

“काकू,” दत्तोबा आत डोकावत म्हणाले, “तुमी सर्व्हरला जेवाय वाढलं व्हय?”

श्री खुर्चीत बसला. रडतोय की हसतोय ते कळेना. उज्ज्वलानं कसलासा फवारा मारला, ब्रशनं घासलं, पुन्हा फवारा, पुन्हा ब्रश. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा सगळा देखावा. चारला सात मिनिटं कमी असताना तिनं वायर खोचली आणि आदेश दिला. आम्ही चौघं पडद्यावर वाकलो.

हजार!

साहेब वेळेवर आले. चष्मा, वही, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. त्यांनी मागितलेलं प्रत्येक ड्रॉइंग बोट उचलायच्या आत समोर हजर. श्रीच्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात साहेब फळ्यापुढे थांबले. दत्तोबांनी नेहमीच्या सचोटीनं तिथे लिहिलं होतं: ‘काम बंद, वीस मिनिटं’.

आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात एक रीत आहे. काही बिघडलं, की पाच वेळा ‘का?’ विचारायचं आणि पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणायचं.

“काम बंद का?” साहेबांनी विचारलं.

“सर्व्हरशी संपर्क तुटला होता,” उज्ज्वला म्हणाली.

“का?”

“स्पीड जबरदस्तीनं वाढवायला गेलो.”

“का?”

“आधी कमी झाला होता. जोडणीत कचरा होता.”

“कसला? आणि तो आत का गेला?”

चौथा आणि पाचवा प्रश्न एकदम. उज्ज्वला माझ्याकडे बघेना, दत्तोबा छताकडे बघू लागले, श्रीनं डोळे मिटले. ही मंडळी माझ्यासाठी कामावर पाणी सोडायला तयार होती! मग मला शाळेतल्या मुलीसारखा हात वर करावाच लागला.

“तांदूळ,” मी म्हणाले. “आणि मी.”

साहेबांनी मला सगळं सांगायला लावलं. नवमीपासून. ते आधी वहीत लिहीत होते, मग लिहायचं थांबले, मग चष्मा काढून डोळे पुसू लागले. म्हणाले, “आजी, पाचव्या ‘का’चं खरं उत्तर मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळालं. नाहीतर सगळे ‘कामगाराचं दुर्लक्ष’ लिहितात.” काम श्रीला मिळालं. पण फॉर्म भरावाच लागला, आणि फॉर्ममध्ये शेवटचा रकाना असतो: ‘पुन्हा घडू नये म्हणून कायमचा उपाय’. तो श्रीनं भरला आणि साहेबांनी मंजूर केला.

तेव्हापासून मी पोटच्या मुलाच्या कारखान्यात गळ्यात ‘पाहुणे’ असं कार्ड घालून जाते आणि सर्व्हरच्या कोपऱ्याकडे वळले, की दत्तोबा सोबत चालतात. सर्व्हरवर आता एकच चिठ्ठी आहे, ‘हात लावू नये’. उज्ज्वलानं तिच्याखाली ‘आजींनीसुद्धा’ असं जोडलं होतं, पण तिचं अक्षर इतकं गिचमिड, की मला बघवेना. शेवटी ती चिठ्ठी मीच नीट लिहून दिली.